हाक न मारणारं घर

लेकीच्या गाण्याचे व्हिडिओ माझ्या फोनमध्ये अजून आहेत. एके काळी ते आमच्या सगळ्या नात्यागोत्यात फिरले. नणंदेनं ते तिच्या ऑफिसात दाखवले, दिरानं मित्रांना पाठवले, आणि लग्नकार्यात अनोळखी बायका जवळ येऊन विचारायच्या, "ती आंघोळवाली पोरगी तुमचीच ना?" मी मान ताठ करून हो म्हणायचे. आता ते व्हिडिओ नुसते समोर आले तरी मी फोन पालथा ठेवते.

आंघोळीचं असं झालं. लग्नात डीजेवर वाजणारं एक गाणं होतं, साजणी-चांदणीचं, नेहमीचंच. त्यात एक ओळ होती, "साजणी सांग ना, कुठे लपली चांदणी". माझी लेक तेव्हा चार वर्षांची. ती कमरेवर हात ठेवून, मान वेळावत, पूर्ण ठेक्यात म्हणायची, "आजीनी आंघोळ ना, कुठे टाकली चादर ती". माझ्या सासूबाई बाथरूममध्ये शिरल्या की लवकर बाहेर येत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा नवरा हसून हसून जमिनीवर आडवा झाला. सासूबाईंना आधी राग आला. मग दुसऱ्या दिवशी शेजारीण आल्यावर त्याच म्हणाल्या, "ते माझं गाणं म्हणून दाखव गं बाय."

असल्या गाण्यांचा तिच्याकडे साठाच होता. आम्ही त्याचं फार काही वाटून घेतलं नाही, कारण घरात एकाचाही कान धड नव्हता. नवऱ्यानं एका हिंदी गाण्यातली 'जुदाई' कित्येक वर्षं 'दवाई' म्हणून म्हटली. नायक आजारी आहे असंच तो धरून चालला होता, आणि गाणं एवढं रडकं का आहे याचंही उत्तर त्याला त्यातच मिळालं होतं. सासूबाई आरतीत काय म्हणतात ते देवालाच ठाऊक. मीसुद्धा काही कमी नाही. मग पोरीनं चुकीचं म्हटलं की सगळे म्हणायचे, खाण तशी माती.

आणि दोष द्यायला आमचं घर होतंच. उल्हासनगरात कॅम्प चारला आम्ही राहायचो ती खोली एका जीन्सच्या कारखान्याच्या वर होती. कारखाना म्हणजे काही चिमणीबिमणी नाही, एक लांबट हॉल, त्यात ओळीनं शिलाई मशीन, आणि घरमालक सिंधी शेठचं सकाळी उघडणारं शटर. एकदा मशीन सुरू झाली की आमची फरशी थरथरायला लागायची, ती जेवणाच्या सुट्टीत थांबायची आणि परत सुरू व्हायची. मशीनच्या आवाजावर मात करायला कारागिरांनी भलामोठा स्पीकर लावलेला. त्यावर दिवसभर गाणी. आमच्यापर्यंत वर यायचा तो फक्त ठेका आणि शब्दांचा लगदा. त्या लगद्यातून ज्याला जे सापडेल ते त्याचं गाणं. मी खालून माल आणून घरी धागाकटिंग करायचे, शिवलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं काम, आणि माझी कात्रीही त्याच ठेक्यावर चालायची.

त्या घरात हाक मारायची पद्धतच नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही दिवस मी स्वयंपाक करताकरता "अहो" म्हणून हाका मारून बघितल्या. घसा बसला, माणूस काही आलं नाही. मग सासूबाईंनी शिकवलं. या घरात आधी माणसाला हात लावायचा, त्यानं वळून तोंडाकडे बघितलं की मग मोठ्यानं बोलायचं. लांबच्या माणसाला बोलवायचं असेल तर ट्यूबलाइट चालू-बंद करायची, नाहीतर पाय आपटायचा. महिन्याभरात मला त्याची इतकी सवय झाली की माहेरी गेले तरी मी आईच्या खांद्यावर टपली मारून बोलायला लागले. आई म्हणाली, "अशी काय गं करतेस, मी काय बहिरी आहे?"

लेक त्याच घरात रांगली, चालली, बोलली. बोबडं बोलायची. साखरेला 'आखर' म्हणायची, सासूबाई मुद्दाम तिला साखर मागायला लावायच्या. तिला काही सांगायचं तर आम्ही तिला हात लावायचो, ती वर तोंडाकडे बघायची, आम्ही ओरडायचो, तिला कळायचं. सगळ्यांचं तसंच होतं, तसं तिचंही. बालवाडीतल्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या की जरा आपल्याच नादात असते. मी म्हटलं, बापावर गेलीय.

मग आम्ही बदलापूरला आलो. नवऱ्याची नोकरी अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत, त्याला इथून जवळ पडणार होतं. पश्चिमेला स्टेशनपासून बरंच आत, नवीन बिल्डिंग, तिसरा मजला, मागच्या गॅलरीतून अजून शेतं दिसतात. पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघं मोठी माणसं हॉलमध्ये बसलो आणि कुणालाच काय बोलावं कळेना, इतकं शांत होतं. नवरा म्हणाला, "आपण एवढे ओरडतो का नेहमी?" मग आम्ही आवाज कमी करायला शिकलो. हाका मारायलाही शिकलो. मी स्वयंपाकघरातून "अहो" म्हटलं आणि नवरा खरोखर आला, तर मलाच हसू आलं.

फक्त लेक येईना.

मी तिला हाक मारायचे, ती खेळत बसायची. परत मारायचे, आवाज चढायचा, ती तशीच. मग माझं डोकं फिरायचं, मी तरातरा जाऊन तिला धरायचे, आणि ती मान वर करून इतकी गोड हसायची की राग तिथेच विरायचा. "आजीच्या लाडानं शेफारली," असं मी म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, "नवी जागा हाय, पोर बावरलीय."

त्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर यायचा. एका दुपारी लेक खाली आवारात उकिडवी बसून खडूनं फरशीवर काहीतरी काढत होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. टँकर गेटमधून उलटा आत येत होता, मागे घेताना वाजते ती टीं टीं करत. त्याचा रोख तिच्याकडेच होता. ती उठेल म्हणून मी आधी वाट बघितली. टँकर जवळ आला तरी ती उठेना. मग मी ओरडले. मी कॅम्प चारची ओरडणारी, माझा आवाज पलीकडच्या बिल्डिंगपर्यंत जातो. खालच्या बाकावरच्या बायका वर बघायला लागल्या, इस्त्रीवाला वर बघायला लागला, वॉचमन धावत जाऊन टँकरच्या पत्र्यावर थापा मारायला लागला. सगळं आवार हललं, आणि माझी पोर तेवढी शांतपणे खडू चालवत होती. टँकरची सावली तिच्या चित्रावर आली तेव्हा तिनं वर बघितलं.

टँकर थांबला. मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. तिला उचलून घट्ट धरलं तर ती म्हणाली, "आई, खडू तुटला ना." वॉचमनकाका म्हणाले, "ताई, ऐकू जात नाही का तिला?" ते रागानं म्हणाले होते, आपण कुणावरही चिडल्यावर म्हणतो तसं. पण जी गोष्ट माझ्या मनाच्या कोपऱ्यातही फिरकली नव्हती, ती त्यांनी सहज बोलून टाकली होती.

नवरा आल्यावर मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पोरं खेळात गुंग असतात. तुझं म्हणजे भित्यापाठी ब्रह्मराक्षस." आणि मला खोटं पाडायला त्यानं तिथल्या तिथे परीक्षा घेतली. लेक टीव्हीसमोर बसली होती, टीव्ही बंद होता. तो तिच्या मागे उभा राहिला आणि हात पुढे करून हळूच म्हणाला, "चॉकलेट पाहिजे?" ती लगेच वळली. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही लढाई जिंकली. माझा जीव भांड्यात पडला होता, पण मी तिच्या जागी जाऊन बसले. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत मागचा माणूस स्वच्छ दिसत होता. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि काच दाखवली.

त्यानंतर मला ते वेड लागलं. मी येताजाता तिच्या मागे उभी राहायचे. स्टीलची थाळी पाडायचे. ती वळली की मी खूश. मग वाटायचं, फरशी हादरली म्हणून वळली असेल. गादीवर उभं राहून टाळी वाजवायचे. कधी वळायची, कधी नाही. वळली नाही की मी तिला हलवून विचारायचे, "ऐकू आलं का? आई काय म्हणाली सांग." तिला ते कळायचं नाही, पण माझा चेहरा कळायचा. ती घाईघाईनं "हो" म्हणायची. मी विचारायचे, "काय म्हणाले?" ती म्हणायची, "आई म्हणाली, ये."

दुपारी सासूबाई झोपल्या की मी गॅलरीत बसून जुने व्हिडिओ काढायचे. ज्या व्हिडिओंवर मी पोट धरून हसले होते त्यात मला आता भलतंच दिसायला लागलं. एकात लेक फरशीवर बसली होती आणि तिचा एक हात सपाट जमिनीला टेकलेला होता, खालच्या स्पीकरचा ठेका हाताला लागावा म्हणून. दुसऱ्यात ती प्रत्येक ओळ म्हणायच्या आधी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती. सासूबाईंचे ओठ हलायचे, मग हिचे. तिला ऐकू येत होतं त्यापेक्षा जास्त ती बघत होती. मधल्या फटी तिनं जे सापडेल त्यानं बुजवल्या होत्या, आजी, आंघोळ, चादर. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

सासूबाईंना सांगायची हिंमत मला होईना. शेवटी नवऱ्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपल्यात कुणी असं नाय. चांगली गाते पोर, बहिरी असती तर गायली असती का?" मग दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू मीच ते घरात आणलं होतं. डॉक्टरकडे जायचं आम्ही रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. खरं कारण एकच होतं. न दाखवलेल्या कानात अजून काही झालेलं नव्हतं.

अंबरनाथच्या कानाच्या डॉक्टरांनी आत लाइट मारून बघितलं आणि तपासणीला पाठवलं. तपासणी एका लहानशा बंद खोलीत होती, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, आणि एक काच. मला काचेच्या अलीकडे बसवलं. लेकीच्या कानावर मोठे हेडफोन, मांडीवर रंगीत चकत्यांची टोपली, समोर एक दांडा. तपासणाऱ्या मॅडमनी तिला खुणांनी शिकवलं, आवाज आला की एक चकती दांड्यात घालायची. लेकीला खेळ आवडला. ती चकती हातात धरून, पाठ ताठ करून बसली.

मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त तिचा हात बघत होते. एक चकती गेली, दुसरी गेली, भराभर जायला लागल्या. मी देवाचं नाव घ्यायला लागले. तेवढ्यात मॅडम उठल्या, स्वतःची खुर्ची फिरवली आणि लेकीच्या पाठीमागे जाऊन बसल्या. लेक इतका वेळ त्यांच्या बोटांकडे बघत होती. बटण दाबलं की चकती. आता बोटं दिसेनाशी झाली, आणि तिचा हात वरच थांबला. चकती वरच्या वर धरून ती बसून राहिली. तिनं काचेतून माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याकडून खूण हवी होती, आणि मला माहीत असतं तर मी केलीही असती.

निकाल मॅडमनी समजावून सांगितला. दोन्ही कानांना मध्यम बहिरेपणा. जाड आवाज कळतात, बारीक आवाज जात नाहीत. स, श, फ हे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. बोबडी नव्हती ती, जसं ऐकायची तसं बोलायची. कानाला मशीन लागेल, बोलणं शिकवणाऱ्या बाई लागतील, आणि दर सहा महिन्यांनी परत तपासायचं, कारण आहे ते टिकेल की आणखी उतरेल हे आज सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं घरात लक्षात कसं आलं नाही?"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "मॅडम, आमच्या घरात कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. आम्ही सगळेच तोंडाकडे बघून बोलायचो." त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतेय. नवऱ्यानं माझा हात दाबला. मी खरं तेच सांगत होते. दुसऱ्या कुठल्याही घरात ही पोर पहिल्या वर्षात कळली असती. आमच्या घरात ती आमच्यासारखीच होती.

"आणखी उतरेल" हे शब्द मी घरी घेऊन आले. बाकीचं सगळं मी सहन करू शकत होते.

मशीन आली तेव्हा ती पहिले काही तास रडली. पंख्याला घाबरली, पिशवीच्या चुरचुरीला घाबरली, आणि मी बोलायला लागले तर तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावर ठेवले. हळूहळू सरावली. ती शब्दांना नवीन करकरीत टोकं लावायला लागली, साखर मागायला लागली. सासूबाई साखर देताना डोळ्याला पदर लावायच्या.

एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये कुणाची तरी हळद होती आणि तेच गाणं वाजलं. लेक ऐकत उभी राहिली. मग आमच्यापुढे येऊन, कमरेवर हात ठेवून, तिनं ते नीट म्हटलं. साजणी, सांग ना, चांदणी, सगळं जागच्या जागी. आमच्यातलं कुणीच हसलं नाही. रडू आवरता आवरता नवऱ्याचं तोंड वाकडं झालं, सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिचं काहीतरी चुकलं असं तिला वाटलं. तिनं लगेच परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी मोठ्यानं म्हणाली, "आजीनी आंघोळ ना." आम्हाला हसावंच लागलं.

सहा महिन्यांनी परत तपासायला गेलो. कागदावरची एका कानाची ऐकू येण्याची रेघ थोडी खाली आली होती. मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून काही ठरवू नका, पुढच्या वेळी बघू. मी मान हलवली. तेव्हापासून संध्याकाळी तिची मशीन काढून डबीत ठेवली की माझी परत सुरुवात होते. ती पाठमोरी असते, मी तिच्या मागून तिचं नाव घेते, आधी हळू, मग थोडं मोठ्यानं. कुठल्या आवाजाला वळली ते मनात धरून ठेवते. नवरा ओरडतो माझ्यावर. मला थांबता येत नाही.

परवा संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. तिची मशीन डबीत होती. ती हॉलमध्ये पालथी पडून चित्र रंगवत होती, पाठ माझ्याकडे. मी काही बोलले नव्हते, पोळी तव्यावर होती. ती वळून न बघता म्हणाली, "काय गं आई?"

मी लाटणं तसंच धरून उभी राहिले. थोड्या वेळानं ती परत म्हणाली, "हां आई, आले हं." आली मात्र नाही, रंगवतच राहिली. मग पुन्हा, "काय गं?"

मी गॅस बंद करून गेले. तिच्या खांद्याला हात लावला, ती वळली, माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी सावकाश विचारलं, "मी हाक मारली नाही बाळा. तू कुणाला ओ देतेस?"

"तुला," ती म्हणाली. "तू हाक मारलीस आणि मला कळलं नाही, तर तू घाबरतेस ना. म्हणून मी आधीच म्हणून ठेवते."

तिनं निळा खडू उचलला आणि पुन्हा रंगवायला लागली. मी पोळ्यांकडे परत गेले. पोळी करपली होती. मागून तिचा आवाज आला, "हां आई."

"काही नाही गं," मी म्हणाले. ते तिला ऐकू जाणार नव्हतं.